स्पॅनिशमधलं 'गुस्तार': मराठीतून थेट शिकण्याची वाट

स्पॅनिश शिकायला सुरुवात केली की पहिल्या काही आठवड्यांतच 'गुस्तार' (आवडणं) हे क्रियापद भेटतं. आवडीनिवडी सांगणं हा अगदी प्राथमिक, म्हणजे ए-वन पातळीचा विषय, त्यामुळे ते टाळता येत नाही. आपल्याकडे मिळणारी बहुतेक पुस्तकं आणि मोबाईलवरची ॲप्स इंग्रजीतून शिकवतात, आणि गाडी तिथेच अडते. इंग्रजीत ज्याला आवडतं तो माणूस वाक्याचा कर्ता असतो, स्पॅनिशमध्ये नसतो. म्हणून इंग्रजी भाषकांना हे क्रियापद 'उलटं' वाटतं आणि पुस्तकं चार-चार पानं खर्च करून ते सुलटं करून दाखवतात.

मराठी माणसाला त्या चार पानांची गरजच नाही. 'मला आंबा आवडतो' या वाक्यात ज्याला आवडतं तो माणूस 'मला' असा चतुर्थीत बसतो आणि क्रियापद आंब्यानुसार बदलतं. स्पॅनिशही नेमकं हेच करते. तरीही मराठी मुलं 'यो गुस्तो काफे' ('यो' म्हणजे मी) असं चुकीचं वाक्य करतात, कारण मनात आधी इंग्रजी वाक्य तयार होतं आणि मग त्याचं स्पॅनिश होतं. मधला तो थांबा काढून टाका. या लेखात सगळं मराठीवरून थेट स्पॅनिशवर जाणार आहे. शेवटच्या काही पायऱ्यांत मराठी जिथे फसवते त्या जागाही येतील, कारण त्याही आहेत.

पायरी पहिली: उच्चार

रोमन लिपीत हा शब्द जी-यू-एस-टी-ए-आर असा लिहितात. 'त' दातांमागचा, आपल्या 'तबला'तला, 'ट' नव्हे. इंग्रजीतून आलेल्या सवयीने 'गुस्टा' म्हणणारे खूप असतात आणि आपल्याकडे अस्सल 'त' असताना तो सोडून देणं खरंच वाईट वाटतं. मूळ रूप 'गुस्तार', जोर 'तार'वर. 'गुस्ता' म्हणताना जोर 'गु'वर. जोर कुठे पडतो याला स्पॅनिशमध्ये फार महत्त्व आहे: 'गुस्तो' हा शब्द 'गु'वर जोर देऊन म्हटला तर '(मी) आवडतो', आणि 'तो'वर जोर दिला तर '(ते) आवडलं'. दुसऱ्या रूपात शेवटच्या 'ओ'वर तिरकी रेघ असते, ती लिहिताना विसरू नका.

पायरी दुसरी: 'गुस्ता' आणि 'गुस्तान'

सुरुवातीला दोनच रूपं पाठ करा. आवडणारी गोष्ट एक असेल तर 'गुस्ता', अनेक असतील तर 'गुस्तान'.

मे गुस्ता एल मांगो: मला आंबा आवडतो.
मे गुस्तान लोस मांगोस: मला आंबे आवडतात.

मराठीत इथे लिंगही सांभाळावं लागतं: आंबा आवडतो, चिंच आवडते, केळं आवडतं. स्पॅनिशमध्ये क्रियापदाला लिंग नाही, त्यामुळे काम हलकं होतं. 'गुस्ता' पुल्लिंगालाही चालतं आणि स्त्रीलिंगालाही.

एक सावधगिरी मात्र हवी. एकवचन की अनेकवचन हे स्पॅनिश शब्दावरून ठरवायचं, मराठी शब्दावरून नाही. आपण 'मला मासे आवडतात' म्हणतो, पण ताटातला मासा स्पॅनिशमध्ये 'एल पेस्कादो', एकवचनी. म्हणून 'मे गुस्ता एल पेस्कादो'. उलट मसुराची डाळ आपल्याला एकवचनी, त्यांच्याकडे 'लास लेन्तेखास' अनेकवचनी, म्हणून 'मे गुस्तान लास लेन्तेखास'. दोन वस्तू 'इ' (म्हणजे 'आणि') लावून जोडल्या की अनेकवचन: 'मे गुस्तान एल ते इ एल काफे', मला चहा आणि कॉफी आवडतात.

पायरी तिसरी: कोणाला?

मे – मला
ते – तुला
ले – त्याला, तिला, आणि आदरार्थी तुम्हाला
नोस – आम्हाला, आपल्याला
ओस – तुम्हाला (अनेक जणांना, स्पेनमध्ये)
लेस – त्यांना. आदरार्थी अनेकवचनी तुम्हालाही

'ते' ऐकला की मराठी कान 'ती माणसं' किंवा 'ती गोष्ट' असा अर्थ लावू पाहतो. पहिले काही दिवस हे होणारच. वाक्यं मोठ्याने म्हटली की सवय होते.

आदराचा भाग नीट समजून घ्या. स्पॅनिशमध्ये परक्या किंवा वडीलधाऱ्या माणसाला 'उस्तेद' म्हणतात आणि 'उस्तेद'बरोबर तृतीय पुरुषाची रूपं येतात. म्हणून 'तुम्हाला चहा आवडतो का?' हे 'ले गुस्ता एल ते?' होईल आणि 'त्याला चहा आवडतो का?' हेही तेच. लॅटिन अमेरिकेत 'ओस' कोणी वापरत नाही. तिथे मित्रांच्या घोळक्यालाही 'लेस'. अर्जेंटिनात 'तू'ला 'वोस' म्हणतात, पण सर्वनाम 'ते'च राहतं: 'आ वोस ते गुस्ता एल माते?' 'माते' हे तिथलं घरोघरी प्यायलं जाणारं, येर्बा नावाच्या पानांचं पेय.

पायरी चौथी: 'एल', 'ला' विसरू नका

मराठीत नामाआधी लागणारं उपपद नाही, म्हणून आपण ते गाळतो. 'मे गुस्ता काफे' हे स्पॅनिश कानाला अर्धवट वाटतं. 'गुस्तार'नंतर एखादी गोष्ट सर्वसाधारणपणे आवडते असं सांगताना नामाआधी 'एल', 'ला', 'लोस' किंवा 'लास' लागतंच: 'मे गुस्ता एल काफे', 'मे गुस्ता ला मुसिका', 'मे गुस्तान लोस चुर्रोस' (चुर्रोस हा स्पेनमधला तळलेला पदार्थ). इंग्रजीत हे उपपद अशा वाक्यात येत नाही, त्यामुळे इंग्रजीवरून आलेला विद्यार्थीही इथेच घसरतो. नवा शब्द शिकताना तो 'एल' किंवा 'ला'सकट पाठ करा, म्हणजे इथे थांबून विचार करावा लागणार नाही.

पायरी पाचवी: नाव घेऊन सांगायचं तर

मराठी माणसाच्या सर्वांत जास्त चुका या पायरीवर होतात, म्हणून इथे जरा रेंगाळू या.

'मारियाला कॉफी आवडते' यात 'ला' प्रत्ययाने काम भागलं. स्पॅनिशमध्ये आपल्या 'ला'चं काम 'आ' करतो, आणि तो नामाच्या आधी येतो: 'आ मारिया'. पण तेवढ्याने भागत नाही. 'आ मारिया' म्हटल्यावरही 'ले' ठेवावाच लागतो:

आ मारिया ले गुस्ता एल काफे.

शब्दशः पाहिलं तर 'मारियाला, तिला, आवडते कॉफी'. मराठीत ही पुनरुक्ती वाटेल, स्पॅनिशमध्ये ती सक्तीची आहे. 'आ मारिया गुस्ता एल काफे' चूक. अनेकांची गोष्ट असेल तर 'लेस': 'आ मिस पाद्रेस लेस गुस्ता एल ते', माझ्या आईवडिलांना चहा आवडतो. पाहा, ज्यांना आवडतो ते दोघं आहेत तरी क्रियापद 'गुस्ता'च, कारण चहा एकच. मराठीतही 'आवडतो'च राहतं, म्हणून हे आपल्याला जड जात नाही.

'आ'पुढे 'एल' आला की दोघांचं मिळून 'आल' होतं: 'आल निन्यो ले गुस्ता ला लेचे', मुलाला दूध आवडतं.

सर्वनामांवर जोर द्यायचा असेल, म्हणजे 'मला तर बुवा आवडतं' असा भाव असेल, तर 'आ मी मे गुस्ता', 'आ ती ते गुस्ता', 'आ एया ले गुस्ता' (तिला), 'आ नोसोत्रोस नोस गुस्ता'. यातला 'मी' म्हणजे आपला कर्ता 'मी' नव्हे आणि 'ती' म्हणजे आपली 'ती' नव्हे. 'आ मी' म्हणजे मला, 'आ ती' म्हणजे तुला. जोर नको असेल तेव्हा हे पुढचं शेपूट सोडून द्या. 'मे गुस्ता' एकटं पुरतं, 'आ मी गुस्ता' एकटं कधीच पुरत नाही.

पायरी सहावी: काही करायला आवडतं

'मला वाचायला आवडतं' म्हणजे 'मे गुस्ता लेएर'. क्रियापद मूळ रूपात ठेवायचं, पुढे-मागे काही लावायचं नाही. दोन-तीन क्रिया असल्या तरी 'गुस्ता' एकवचनीच: 'मे गुस्ता कान्तार इ बाइलार', मला गायला आणि नाचायला आवडतं. मराठीतही इथे 'आवडतं' हे नपुंसक एकवचनच येतं. ही जुळणी लक्षात ठेवली की 'गुस्तान' घालण्याचा मोह होत नाही.

स्पेनमधलं एक खरं वाक्य सरावाला घ्या: 'आ लोस एस्पान्योलेस लेस गुस्ता सेनार तार्दे', स्पेनच्या लोकांना रात्री उशिरा जेवायला आवडतं. तिथे रात्री नऊनंतर जेवण ही नेहमीची गोष्ट आहे. या एका वाक्यात 'आ', 'लेस' आणि मूळ रूपातलं क्रियापद, तिन्ही आले.

पायरी सातवी: नकार, प्रमाण आणि उत्तर

नकाराचा 'नो' अगदी पुढे, सर्वनामाच्याही आधी: 'नो मे गुस्ता'. मराठीत 'नाही' शेवटी येतो, म्हणून वाक्य सुरू करतानाच नकार ठरवायची सवय लावावी लागते. नाव असेल तर 'नो' नावानंतर: 'आ मारिया नो ले गुस्ता'.

किती आवडतं ते सांगायला: 'मे गुस्ता मुचो' (खूप), 'मे गुस्ता बास्तान्ते' (बऱ्यापैकी), 'नो मे गुस्ता मुचो' (फारसं नाही), 'नो मे गुस्ता नादा' (मुळीच नाही). 'मे एन्कान्ता' म्हणजे प्रचंड आवडतं. त्याच्या पुढे 'मुचो' लावत नाहीत, कारण 'खूप' त्याच्या पोटातच आहे.

'मे गुस्ता'ला उत्तर देताना 'यो ताम्बिएन' म्हणू नका. मराठीत आपण 'मीपण' म्हणत नाही, 'मलापण' म्हणतो. तसंच 'आ मी ताम्बिएन'. समोरच्याला आवडत नसेल आणि तुम्हालाही नसेल तर 'आ मी ताम्पोको'. मत वेगळं असेल तर 'आ मी सी' (मला आवडतं) किंवा 'आ मी नो' (मला नाही). गप्पांत हे चार तुकडे सतत लागतात, म्हणून ते वाक्यांआधी पाठ केले तरी चालेल.

'ते मला आवडतं' म्हणताना 'ते'साठी वेगळा शब्द घालू नका. 'ते गुस्तो?' (आवडलं का?) विचारलं की 'सी, मे गुस्तो मुचो'. मराठीतही 'हो, खूप आवडलं' एवढंच म्हणतो.

पायरी आठवी: माणसं आवडणं

इथे जपून. 'मे गुस्तास' म्हणजे 'तू मला आवडतेस' किंवा 'आवडतोस', आणि त्यात प्रेमाची छटा असते. 'ते गुस्तो?' मध्ये 'गु'वर जोर दिला तर अर्थ होतो 'मी तुला आवडते का?', जे जेवणाबद्दल विचारायचं असेल तर भलतंच होईल. शिक्षिका, सहकारी, शेजारी चांगले वाटतात हे सांगायला 'मे काए बिएन' वापरा. 'मि प्रोफेसोरा मे काए बिएन', माझ्या बाई मला चांगल्या वाटतात. लेखक, गायक किंवा खेळाडू म्हणून कोणी आवडत असेल तर 'गुस्ता' बिनधास्त चालतं.

पायरी नववी: आवडलं, आवडायचं, आवडेल

इंग्रजीवरून शिकणाऱ्याला स्पॅनिशमधले दोन भूतकाळ वर्षभर छळतात. मराठीत ते दोन्ही तयारच आहेत.

एकदा घडलं, संपलं: 'ला पेलीकुला मे गुस्तो', सिनेमा मला आवडला. अनेकवचनी 'गुस्तारोन', आवडले.
पूर्वी सवयीने, नेहमी: 'दे निन्यो मे गुस्ताबा नादार', लहानपणी मला पोहायला आवडायचं. मुलगी असेल तर 'दे निन्या'.
पुढे, किंवा नम्रपणे: 'मे गुस्तारीआ इर आ सेविया', मला सेविया शहरात जायला आवडेल.

आवडला–आवडायचं–आवडेल, गुस्तो–गुस्ताबा–गुस्तारीआ. ही तीन जोडपी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढे बाकीची क्रियापदं शिकतानाही '-लं' की '-यचं' हा प्रश्न मनात विचारला की योग्य भूतकाळ बहुतेक वेळा सापडतो.

पायरी दहावी: 'मला' कुठे चालतो, कुठे नाही

'गुस्तार'सारखी इतर क्रियापदं आता फुकट मिळतात. 'मे पारेसे' म्हणजे मला वाटतं. 'मे इन्तेरेसा' म्हणजे मला रस आहे. 'मे फाल्तान दिएस एउरोस', मला दहा युरो कमी पडतायत. 'एस्ता कामिसा मे केदा ग्रान्दे', हा शर्ट मला मोठा होतो. आणि 'से मे ओकुर्रिओ उना इदेआ', मला एक कल्पना सुचली. 'सुचणं' हे इंग्रजीत नीट न मावणारं क्रियापद स्पॅनिशमध्ये असं चपखल बसतं, याचा मला फार आनंद वाटतो. दुखण्याला मराठीत 'माझं' आणि स्पॅनिशमध्ये 'मला': 'मे दुएले ला काबेसा', माझं डोकं दुखतंय.

पण मराठी 'मला'चा वापर स्पॅनिशपेक्षा पुष्कळ जास्त करते. पुढच्या वाक्यांत 'मे' लावला तर चूक होईल:

मला भूक लागलीय: 'तेंगो आम्ब्रे'. इथे भूक 'जवळ असते', कर्ता मी. तहान 'तेंगो सेद', थंडी 'तेंगो फ्रीओ', झोप 'तेंगो सुएन्यो', ताप 'तेंगो फिएब्रे', सगळे याच घरातले.
मला दोन बहिणी आहेत: 'तेंगो दोस एर्मानास'.
मला पाणी हवंय: 'किएरो आग्वा'. मला जायचंय: 'किएरो इर'. मला जावं लागतंय: 'तेंगो के इर'.
मला पोहता येतं: 'से नादार'. मला कळत नाही: 'नो एन्तिएन्दो'.

ढोबळ खूण अशी: हवं असणं, माहीत असणं, येणं, कळणं आणि शरीराच्या गरजा यांना स्पॅनिशमध्ये कर्ता 'मी' असतो. आवडणं, वाटणं, सुचणं, दुखणं, कमी पडणं, कपडा अंगाला बसणं यांना 'मला'. भीती मात्र दोन्हीकडे जाते: 'तेंगो मिएदो' आणि 'मे दा मिएदो' दोन्ही बरोबर.

गोव्यातल्या ज्या घरांत पोर्तुगीज बोलली जायची, तिथल्या वाचकांसाठी वेगळी सूचना. पोर्तुगीजमध्ये याच धातूचं 'गोश्तार' आहे, पण तिथे कर्ता 'मी' असतो आणि पुढे 'द' लागतो. ती सवय स्पॅनिशमध्ये आणू नका. कोकणीतलं 'म्हाका आवडटा' हेच इथे जास्त जवळचं आहे. मूळ लॅटिन धातूचा अर्थ 'चव घेणं', आणि संस्कृतातला 'जुष्', म्हणजे प्रसन्न होणं, उपभोगणं, हा त्याचाच दूरचा नातलग आहे.

कानावर पडणारी इतर रूपं

'मुचो गुस्तो' हे ओळख झाल्यावर म्हणतात: भेटून आनंद झाला. कोस्टा रिका आणि कोलंबियात कोणी आभार मानले की 'कोन मुचो गुस्तो' असं उत्तर मिळतं. समाजमाध्यमांवर आवडल्याची खूण करण्याला 'दार उन मे गुस्ता' म्हणतात. 'कोमो गुस्ते' म्हणजे जशी तुमची इच्छा. मेक्सिकोत 'सि गुस्ता पासार' ऐकाल: आत यायचं असेल तर या. या शेवटच्या दोन्हींत 'गुस्तार' वेगळ्या रीतीने, थेट कर्त्याबरोबर वापरलंय. ते ऐकून समजलं तरी पुरे, सुरुवातीला स्वतः वापरायची घाई नको.

जेवायला बसलेल्या माणसाच्या शेजारी तुम्ही गेलात आणि तो 'गुस्ता?' म्हणाला तर तो आपल्या 'या जेवायला'चाच प्रकार समजा. बहुतेक वेळा 'ग्रासियास, बुएन प्रोवेचो' म्हणून पुढे जायचं असतं: आभार, सावकाश जेवा.

सराव कसा करावा

घरातल्या प्रत्येकाच्या आवडीनिवडी आधी मराठीत लिहा: आईला काय आवडतं, भावाला काय आवडत नाही, आजोबांना तरुणपणी काय आवडायचं, तुम्हाला पुढच्या वर्षी कुठे जायला आवडेल. मग प्रत्येक वाक्य थेट स्पॅनिशमध्ये करा. इंग्रजी शब्दकोश फक्त नामांसाठी उघडा. लिहून झालं की तीन गोष्टी तपासा: नाव आहे तिथे 'आ' आणि 'ले' दोन्ही आहेत का, नामाआधी 'एल' किंवा 'ला' आहे का, आणि 'गुस्ता' की 'गुस्तान' हे वस्तूवरून ठरवलंय का. मग ती वाक्यं मोठ्याने वाचा आणि त्यातला 'त' दातांवर लागतोय ना, तेही ऐका. 'तू येतोस ते मला आवडतं' अशी वाक्यं मात्र सध्या बाजूला ठेवा: तिथे 'के'नंतर क्रियापदाचं वेगळं रूप लागतं आणि ते पुढच्या पातळीवर येतं.